जळलेला दगड

व्हर्ना गेल्याचं गावात समजलंय, हे मला आमच्या अंगणातला बर्फ बघून कळलं.

माझी बायको शहरातल्या रुग्णालयात सकाळी वारली. कागदांवर सह्या केल्या, तिचा चष्मा आणि घरातल्या सपाता पिशवीत घातल्या आणि मी एकटाच गाडी घेऊन निघालो. मुलीशी, कारीशी, फोनवर बोललो होतो. बाकी कुणाला कळवलं नव्हतं. रात्रभर बर्फ पडला होता. घराशी पोचलो तर फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ कुणीतरी काढून कडेला नीट रचून ठेवलेला.

आत ओट्यावर झाकलेली भांडी होती. आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. दुधातले बटाटे, भाजलेली कोंबडी, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात. भांडं कुणाला परत करायचं ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. कोबीच्या भांड्यावर नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती. ते जॉयसचं. व्हर्ना आजारी पडल्यापासून सगळा हिवाळा ते भांडं आमच्या घरी ये-जा करत होतं.

कोट न काढताच मी खुर्चीवर बसलो. तिचा चष्मा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. तिथे बरा दिसेना म्हणून परत पिशवीत घातला.

दुपारी ग्लेन आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गावच्या कर्लिंग क्लबाचा तो अध्यक्ष. छपराखालच्या रिंकमध्ये बर्फावरून जड दगड वर्तुळाच्या मध्याकडे सरकवायचा आणि तो लांब जावा म्हणून त्याच्या पुढचा बर्फ झाडूनं घासायचा, असा तो खेळ. बूट दारात काढून मोज्यांनी आत आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"वाईट झालं रे, आर्ने."

"हो."

"चर्चबाहेर झाडूंची कमान करू. सगळा क्लब येणार आहे. आणि आणखी एक." त्यानं घसा साफ केला. "रिंकला तिचं नाव द्यायचं ठरलंय. पाटी कोरूनसुद्धा झालीय. ओकचं लाकूड आहे."

"कोरूनसुद्धा? आज सकाळीच तर गेली ती."

ग्लेनचे कान लाल झाले. "तिला दाखवायची होती रे. सुतारानं उशीर केला."

"ग्लेन, तिला असलं काही नको होतं."

"तेच तर म्हणतोय मी! खऱ्या माणसाला नकोच असतं."

"मलाही नको आहे."

"तू नॉर्वेवाल्यांचा. तुम्हाला वाढदिवसाचा केकसुद्धा नको असतो."

तो गेला. बर्फ त्यानंच काढला होता हे मला नंतर समजलं, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना.

ही पाटी मला का नको होती, ते सांगायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा आमच्या टिमरिक गावच्या बायकांचा संघ प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचला होता. एवढ्याशा गावातून याआधी कुणी तिथवर गेलं नव्हतं. ऐन वेळी संघातली एक बाई न्यूमोनियानं पडली आणि तिच्या जागी जॉयसला घेतलं. एकोणीस वर्षांची पोर. धान्यकोठारावर वजन करणाऱ्या अँब्रोजची मुलगी. खुद्द अँब्रोजच सगळ्यांना सांगत फिरत होता, "माझ्या पोरीला घेऊन काय जाताय? बुडवेल ती तुम्हाला." तो हसत बोलायचा, पण पोरगी समोर असतानाही बोलायचा.

सामना सॅस्काटूनला होता. आम्ही मागे राहिलेले सगळे गावच्या रिंकमध्ये रेडिओभोवती जमलो होतो. शेवटचा दगड आमचा होता. कप्तानीण बाईनं तो बर्फावर सोडला. पुढे व्हर्ना आणि जॉयस दोघी दोन बाजूंनी झाडत निघाल्या. तेव्हाचे झाडू गवती काड्यांचे असत. त्यांचा फटफट आवाज रेडिओवरही ऐकू येत होता. निवेदक ओरडत होता, दगड सरळ मध्याकडे चाललाय, सरळ मध्याकडे! आमच्याकडे लोक खुर्च्या सोडून उभे राहिले.

आणि फटफट थांबली. निवेदक म्हणाला, "व्हर्ना ट्वेट थांबल्यात. हात वर केलाय. त्या... त्यांनी पायानं दगड बाजूला ढकलला."

चालत्या दगडाला झाडू लागला की आम्ही दगड जळला म्हणतो. जळलेला दगड आपणच खेळातून काढायचा असतो. आणि कुणाचा झाडू लागला ते ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. समोरच्या संघानं नाही, पंचानं नाही, जोडीदारानंही नाही. मुलांना दगड कसा धरायचा हे शिकवण्याआधी हे शिकवतात.

तरीही रिंकमध्ये पहिला आवाज आला तो अँब्रोजचा. "बाईला वेड लागलं."

सामना हरून व्हर्ना परत आली तेव्हा तिला कुणी काही बोललं नाही. आमच्या भागात लोक बोलत नाहीत. चर्चच्या विक्रीत तिनं सफरचंद भरून भाजलेल्या पाईला गिऱ्हाईक मिळालं नाही, तेव्हा ती मीच विकत घेतली. व्हर्ना म्हणाली, "घरी फुकट मिळाली असती." बोलला तो एकटा अँब्रोज. गव्हाचा ट्रक काट्यावर उभा करून मी उतरलो की त्याचं सुरू व्हायचं.

"आर्ने, तुझी बायको कबुली द्यायला कॅथलिकांकडे का जात नाही? निदान तिथे रेडिओ नसतो."

"आम्ही लुथरन चर्चचे आहोत."

"तेच म्हणतोय मी."

असं बरीच वर्षं चाललं. मग कुठल्याशा मोठ्या धावपटूनं औषधं घेतल्याचं उघडकीला आलं आणि त्याचं पदक काढून घेतलं. सगळ्या देशाला शरम वाटली. आमच्या शाळेतल्या बाईंनी वर्गात व्हर्नाची गोष्ट सांगितली. मुलांनी ती घरी सांगितली. रेजायनाच्या वर्तमानपत्रातून एक माणूस येऊन तिचा फोटो काढून गेला. पुढच्या उन्हाळ्यात महामार्गावर लोखंडी पाटी लागली: 'टिमरिक. सस्कॅचवान प्रांताची सर्वांत प्रामाणिक खेळाडू व्हर्ना ट्वेट हिचं गाव.' ज्यांनी तिची पाई विकत घेतली नव्हती, तेच आता तिला तिची कृती विचारू लागले. पाटीच्या समारंभात अँब्रोजनं भाषण केलं. म्हणाला, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

व्हर्ना त्या पाटीवरून कधी गेली नाही. शहराला जायचं असलं तरी ती खडीच्या रस्त्यानं फेरा घालून जायची. टायर खराब होतात म्हणून मी कुरकुर करायचो. वाटायचं, लाजते.

अखेरच्या आठवड्यात एका दुपारी रुग्णालयात ती बरी शुद्धीत होती. खिडकीबाहेर कुणीतरी बर्फात रुतलेली गाडी ढकलत होतं, ते आम्ही दोघं बघत होतो. ती म्हणाली, "आर्ने, तो झाडू माझा नव्हता."

"कुठला झाडू?"

"तोच."

मला समजायला वेळ लागला. "मग कुणाचा?"

"तुला मोजता येतं ना? झाडणाऱ्या दोघीच होतो."

"जॉयस?" मी विचारलं.

"मी तिच्याकडे बघितलं," व्हर्ना म्हणाली. "ती बोलेल म्हणून वाट बघितली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दगड तर चाललेला. मी तिचं नाव घेऊ शकत नव्हते, ते आपल्यात बसत नाही. आणि जळलेल्या दगडावर जिंकून घरी यायचं, तेही बसत नाही. मग काय उरलं?"

"एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू अँब्रोजला धान्याच्या खड्ड्यात ढकललं असतंस."

ते खरं होतं.

"मूर्ख म्हणत होते, ते चालत होतं," ती म्हणाली. "त्यात खोटं काही नव्हतं. पण ती पाटी. प्रामाणिक म्हणे. नेमकं तेव्हाच मी सगळ्या प्रांतासमोर खोटं बोलले होते. ती काढ, आर्ने. मी गेले की काढ. पण पोरीला त्रास होता कामा नये."

"पोरगी आता साठीला आलीय."

"मला पोरगीच ती."

मी हो म्हणालो. मरणाऱ्या बायकोला दुसरं काय म्हणणार? घरी परत आल्यावर लक्षात आलं की हे काम होण्यासारखंच नाही. पाटी काढा म्हटलं की लोक विचारणार, का? कारण सांगितलं की जॉयसचं नाव येणार. आणि कारण न सांगता नको म्हटलं, की ग्लेनच्या मते ती आणखीच थोर होणार.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी जॉयस आमच्या स्वयंपाकघरात अंड्याचे सँडविच करत होती. रिंकचं स्वयंपाकघर गेली वीसेक वर्षं तीच सांभाळते, गावातलं कुठलंही जेवण तिच्या हाताखालूनच जातं. कारी पाद्रीबाईंकडे गेली होती. मी भांडी घासत होतो.

"आर्ने," ती पाठमोरीच म्हणाली, "ती शेवटी काही बोलली का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"पाटीबद्दल बोलली. तिला ती आवडत नव्हती."

जॉयसची सुरी थांबली. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. आता आमच्या घरात खोटं बोलणारे दोघं झाले.

तिनं सँडविच ओल्या फडक्यात गुंडाळले आणि ती निघाली. खिडकीतून मला दिसत होतं, गाडी सुरू करून ती तशीच आत बसून राहिली. काचेवर वाफ धरली. बऱ्याच वेळानं ती परत दारात आली.

"भांडं राहिलं माझं."

"हे घे. घासलंय."

तिनं भांड्याकडे बघितलं आणि ते न घेताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी इतकी थंडी होती की नाकातला श्वास गोठत होता. तरी सगळा क्लब चर्चबाहेर दोन रांगांत उभा होता. झाडू वर धरलेले. त्या कमानीखालून मी आणि कारी तिची रक्षा घेऊन गेलो. जॉयस रांगेत नव्हती. जेवणाच्या तयारीसाठी पुढे गेलीय, असं कुणीतरी म्हणालं.

जेवण रिंकच्या वरच्या खोलीत. तिथून काचेतून खालचा बर्फ दिसतो. भिंतीशी ओकची पाटी उभी करून तिच्यावर टेबलक्लॉथ टाकला होता. ब्रॉडलीहून हिल्डा फ्रीझन आली होती. ज्या संघाकडून आमच्या बायका हरल्या, त्या संघाची ही कप्तान. आता नव्वदीच्या घरात, हातात चार पायांची काठी. खजुराच्या वड्या तिला काचेजवळ नेऊन द्याव्या लागत होत्या.

ग्लेननं चमच्यानं पेला वाजवला. "मंडळी, आपल्या गावची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी आज पुन्हा सांगतो. प्रामाणिकपणा म्हणजे काय..."

आता उठावं आणि पाटी नको म्हणावं, कारण विचारलं तर गप्प बसावं, असं ठरवून मी टेबलाला हात टेकवले. उठलो मात्र नाही.

तेवढ्यात जॉयस स्वयंपाकघरातून बाहेर आली. अंगावर एप्रन, हातात कॉफीचं मोठं भांडं.

"ग्लेन, थांब जरा."

"कॉफी नंतर, जॉयस."

लोक हसले. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि हात वर केला. शाळेत करतात तसा नाही. बर्फावर करतात तसा, पंजा उघडा ठेवून.

"तो दगड मी जाळला होता," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"सॅस्काटूनचा. शेवटचा दगड. झाडू माझा लागला. मला कळलंही होतं. मी हात वर केला नाही. व्हर्ना माझ्याकडे बघत होती, तरी नाही केला. मग तिनं केला." तिचा हात अजून वरच होता. "बाबा म्हणाले होते ना, बुडवेल ती. मला वाटलं, घरी जाताच येणार नाही आता. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी बाबा तिला वेडी म्हणत होते आणि मी त्यांना बटाटे वाढत होते. सांगायचं राहत गेलं. आता वर तिचं नाव लावताय आणि खाली मी कॉफी ओतणार. मला नाही जमणार ते."

ग्लेननं हातातला चमचा खाली ठेवला.

"मला माहीत होतं," काचेजवळून हिल्डा म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"मी त्या टोकाला उभी होते. व्हर्नाचा झाडू तर वर होता, मला दिसला. पण ते सांगणं माझं काम होतं का? जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पेला पाजायचा असतो, तो मी तिला दिला तेव्हा म्हणाले, 'बाई, तुझा झाडू तर लागलाच नव्हता.' तर मला म्हणाली, 'हिल्डा, यात बर्फ जास्त घातलाय तुम्ही.'"

आधी कारी हसली. रडता रडता हसली. ते तिच्या आईचंच बोलणं होतं, हुबेहूब. मग मला हसू आलं. मग लोकांना हसायची परवानगी मिळाल्यासारखं झालं.

ग्लेन टेबलक्लॉथचं टोक हातात धरून उभा होता. "म्हणजे... तिचा झाडू लागलाच नव्हता. म्हणजे ती खोटं बोलली. आपण तर प्रामाणिक म्हणून..."

"मूर्खासारखं बोलू नकोस," एक बाई म्हणाली. "पोरीला वाचवलं तिनं."

"आणि अजिंक्यपद घालवलं."

"जळलेल्या दगडावर कसलं अजिंक्यपद?"

"पण प्रामाणिक म्हणायचं की नाही, तेवढं सांगा."

आमचा शेजारी लॉइड उठून टोपी घालू लागला. "ग्लेन, तेव्हा मी तिला मूर्ख म्हणालो. पुढे तुम्ही सांगितलंत म्हणून थोर म्हणालो. आता काय म्हणायचं ते ठरलं की फोन कर. मला गाईंना चारा घालायचाय."

जॉयसनं हात खाली घेतला होता, पण ती तिथेच उभी होती. तिच्या जवळ कुणी जात नव्हतं. राग म्हणून नव्हे. मी उठलो. तिच्यासमोर जाऊन कप पुढे केला.

"ओत," मी म्हणालो.

तिनं ओतली. थोडी बशीत सांडली. "तुम्हाला माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"होतं."

"मग काल का नाही बोललात?"

"झाडू माझा नव्हता."

तिनं डोळे पुसले आणि ओरडली, "आणखी कुणाला हवीय? गार होतेय!" लोकांनी कप पुढे केले. हिल्डानं तिला वाकायला सांगून तिच्या गालावर थोपटलं. ग्लेननं टेबलक्लॉथ पुन्हा पाटीवर नीट ओढला आणि दोन जणांनी मिळून ती पाटी झाडूंच्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मी बसून जेवलो. व्हर्ना गेल्यापासून पोटभर असा पहिल्यांदाच. बटाटे खाल्ले, दोन सँडविच खाल्ले, खजुराची वडी खाल्ली. कापणीच्या शेवटच्या दिवशी ट्रक रिकामा झाला की पाठ कशी हलकी होते, तसं वाटत होतं. तिला आता सांगता येणार नाही, तेवढंच.

क्लबाच्या दोन बैठका झाल्या. रिंकला नाव द्यायचं की नाही, दिलं तर खाली काय लिहायचं, यावर एकमत नाही. शाळेतल्या मुलांना गोष्ट आता जॉयस सांगते, तिला बोलावतात. ती स्वतःला गोष्टीतून वगळत नाही. परवा एका मुलीनं तिला विचारलं म्हणे, मग यातली शूर बाई कोण, ती की तुम्ही? जॉयस म्हणाली, "मला विचारू नकोस, मी चाळीस वर्षं उशिरा आले." तिचं भांडं तिनं परत नेलं आणि त्याच आठवड्यात भरून पुन्हा आणलं.

मागच्या रविवारी ती आणि मी फावडं आणि पाना घेऊन महामार्गावर गेलो. ग्लेनला विचारलं होतं, तो म्हणाला, काढा बाबांनो. पण पाटी खांबांना वेल्डिंग करून जोडलेली आहे, बोल्ट नाहीतच, आणि खांब गोठलेल्या जमिनीत. फावड्यानं ठिणग्या उडाल्या. जॉयसनं खांबाला एक लाथ मारून बघितली आणि पाय धरून बसली. आम्ही गाडीत बसून थर्मासमधली कॉफी प्यायलो आणि परत आलो. परतताना खडीचा रस्ता धरला नाही.

जमीन एप्रिलअखेर सुटेल. चर्चमागच्या दफनभूमीतही तोवर खणता येत नाही, म्हणून व्हर्नाची रक्षा अजून घरी कपाटावर आहे, चष्म्याशेजारी. तिला पुरायचं राहिलंय आणि पाटी काढायची राहिलीय.